संपलेल्या तीन वस्तू

वाचकाचे पत्र

ताई, माझे वय बेचाळीस. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहते, शाळेत शिकवते. मुलीची बारावी झाली आणि ती जुलैत शिकायला पुण्याला जाणार आहे. परवा तिने सहज विचारले, “आई, चेहऱ्याला लावायच्या आणि वासाच्या तुझ्या कायमच्या गोष्टी कोणत्या? मला लिहून दे.” मी ड्रॉवर उघडला. मोजल्या तर सत्तावीस वस्तू निघाल्या, जवळजवळ सगळ्या अर्धवट आणि गेल्या दोन-तीन वर्षांत मोबाइलवर पाहून घेतलेल्या. पूर्ण संपलेल्या आठवू लागले तर तीनच आठवल्या: बोरोलीनची ट्यूब, काजळाची पेन्सिल आणि सासूबाईंच्या खसच्या अत्तराची कुपी. त्या गेल्यावर मी ते अत्तर थेंब थेंब वापरून संपवले. पुन्हा आणले, पण तो वास नाही. शिवाय धाकट्याच्या वेळेपासून गालांवर वांग आहेत. शेजारणीने सांगितलेले एक मलम लावते. लावते तोवर चेहरा छान दिसतो, सोडले की लाल होतो आणि खाजतो, म्हणून पुन्हा लावते. मुलीला मी काय लिहून देऊ? एवढे पैसे वाया घालवल्याची लाजही वाटते.

उत्तर

प्रिय भगिनी,

मुलीच्या यादीकडे आपण येऊच, पण आधी त्या मलमाविषयी बोलू, कारण तुमच्या सगळ्या ड्रॉवरमध्ये जिच्याविषयी थांबून चालणार नाही अशी ती एकच वस्तू आहे.

लावले की चेहरा उजळ आणि तुळतुळीत दिसावा, सोडले की लाली, आग, खाज आणि बारीक पुरळ यावे, ही लक्षणे बहुतेक वेळा स्टेरॉइड असलेल्या मलमाची असतात. चष्मा लावून ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचा आणि बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादे नाव सापडते का ते पाहा. वांगांसाठीच्या तिहेरी मलमांत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्या जोडीला असे एक स्टेरॉइड असते. त्वचारोगतज्ज्ञ ते मोजक्या आठवड्यांसाठी आणि आपल्या देखरेखीखाली देतात, आणि तेवढ्या मर्यादेत ते उपयोगी औषध आहे. तेच महिनोन्महिने लावत राहिले की त्वचा पातळ होते, गालांवर बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि मलम थांबवले की चेहरा पेटून उठतो. चेहऱ्यावर सर्रास वापरल्या जाणाऱ्या अशा स्टेरॉइड मलमांना २०१८ मध्ये सरकारने डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत आणले, ते याच कारणाने. तरीही ती एका घरातून दुसऱ्या घरात शेजारधर्माने पोहोचतात.

हे मी स्वतः भोगलेले आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नाआधी मला शहरातल्याच एका औषधाच्या दुकानात असेच एक मलम काहीही न विचारता मिळाले होते. दहा दिवसांत चेहरा खुलला, लग्नात सगळ्यांनी कौतुक केले आणि पुढचे सात-आठ महिने मी ती ट्यूब आवडीची वस्तू समजून पुन्हा पुन्हा आणत राहिले. एकदा प्रवासात ती घरी राहिली. तिसऱ्या दिवशी आरशात पाहिले तर गाल भाजल्यासारखे लाल होते आणि साध्या पाण्यानेही चरचरत होते. पूर्ववत व्हायला जवळजवळ वर्ष गेले. तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे: आपण ज्या वस्तूकडे आवडीने परत जातो ती आपली आवडती, पण जी आपल्याला ओढून परत नेते तिची जागा डॉक्टरांच्या टेबलावर आहे. तेव्हा ती ट्यूब पर्समध्ये घाला आणि याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. स्वतःच्या मनाने एकदम बंदही करू नका. ती कशी कमी करत न्यायची आणि तिच्या जागी काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. खाजगी दवाखान्याची फी जड वाटत असेल तर गजराराजा वैद्यकीय महाविद्यालयाच्या जयारोग्य रुग्णालयात दाखवता येईल.

आता त्या सत्तावीस वस्तू. त्या बाहेर काढून पलंगावर पसरा आणि प्रत्येक वस्तू कोणत्या महिन्यात घेतली होती ते आठवा. माझी खात्री आहे की त्यांतल्या अर्ध्याअधिक वस्तूंचा दोष एवढाच निघेल की त्या चुकीच्या ऋतूत घरात आल्या. आपल्या गावाची हवा एक नाही, तीन आहेत. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ तापल्या दिवसांत, पारा पंचेचाळीसच्या घरात जातो आणि लू अशी वाहते की धुतलेले तोंड पुसायच्या आत वाळते. पुढे दोन महिने हवा चिकट होते, आणि जानेवारीच्या धुक्यात पहाटे चार-पाच अंशांवर पाय फुटतात, ओठ फुटतात, नाकाच्या कडेला पोपडे येतात. मोबाइलवर बोलणारी मुलगी मुंबईच्या दमट हवेत बसून जे पाण्यासारखे जेल वाखाणते, ते आपल्याकडे जानेवारीत लावले तर तासाभरात चेहरा ताणतो आणि आपण म्हणतो, पैसे वाया गेले. तेच जेल श्रावणात लावून पाहा.

आधीच्या पिढीला हे न सांगता ठाऊक होते. आमच्या आजीच्या फडताळात दोनच डब्या असत, एक स्नोची आणि एक कोल्ड क्रीमची. स्नो हे पाणी अधिक आणि स्निग्धांश कमी असलेले क्रीम असते. ते त्वचेत जिरून नाहीसे होते, म्हणून त्याला व्हॅनिशिंग क्रीम म्हणत. मुंबईला पाटणवाला यांनी १९१९ मध्ये काढलेले अफगाण स्नो घराघरांत इतके पोहोचले होते की आजीच्या तोंडी चेहऱ्याला लावायचे कोणतेही पांढरे क्रीम म्हणजे स्नोच होते. कोल्ड क्रीममध्ये तेल आणि मेण जास्त. ते वर थर धरून राहते आणि आतला ओलावा उडू देत नाही. होळीनंतर कोल्ड क्रीमची डबी आत जाई आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा बाहेर येई. कुठलीच डबी वर्षभर चालली पाहिजे असा कोणाचा आग्रह नसे, आणि दोन्ही संपत.

तुमची बोरोलीन संपते ती याच न्यायाने. गौरमोहन दत्त यांनी १९२९ मध्ये कलकत्त्यात ती बनवायला सुरुवात केली. लॅनोलिन, झिंक ऑक्साइड आणि बोरिक ॲसिड हा तिचा मूळ ऐवज आहे. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतून काढलेला स्निग्ध पदार्थ. आपल्या कोरड्या थंडीत त्याच्यासारखे टिकून राहणारे फार थोडे असते. तुम्ही ती ओठांना, टाचांना, नाकाच्या कडेला लावत असाल आणि विचार न करता लावत असाल. म्हणूनच ती संपली. मी स्वतः थंडीत निव्हियाच्या निळ्या डबीकडे परत जाते. १९११ मध्ये जर्मनीत ते क्रीम निघाले, तेव्हा त्यातला नवा शोध हाच होता की लोकरीच्या स्निग्धांशातून काढलेल्या एका पदार्थाने तेल आणि पाणी टिकाऊपणे एकत्र बांधता आले. बोटावर घेतले की ते जड लागते, पण अंघोळीनंतर तोंड ओलसर असतानाच वाटाण्याएवढे घेऊन तळहातावर जरा पसरवून दाबून लावले तर संध्याकाळपर्यंत पुन्हा काही लावावे लागत नाही. एप्रिलपासून मात्र मी त्याला हात लावत नाही. तेव्हा ग्लिसरीन असलेले हलके लोशन पुरते. ज्यांना मुरमे येतात त्यांनी दोन्ही जाड क्रीमे चेहऱ्यापासून लांब ठेवावीत आणि हातापायांना लावावीत.

पलंगावर पसरलेल्या वस्तूंपैकी कोणत्या ठेवायच्या हे ठरवायला वासाइतका भरवशाचा पंच नाही. क्रीमला जुन्या तेलासारखा वास येत असेल, लोशनचे पाणी सुटले असेल किंवा व्हिटॅमिन सीचे सीरम चहासारखे तपकिरी झाले असेल तर खुशाल टाका. ते सीरम हवा, उजेड आणि उष्णता यांनी बिघडते आणि आपल्या उन्हाळ्यात तर फ्रिजच्या दारातच ठेवावे लागते. पुष्कळ डब्यांच्या तळाशी उघड्या झाकणाच्या डबीचे चित्र आणि त्यात सहा, बारा किंवा चोवीसचा आकडा असतो. उघडल्यापासून तितके महिने ती वस्तू चालते असा त्याचा अर्थ. मस्कारा मात्र चित्रात काहीही असले तरी तीन महिन्यांवर ठेवू नका, कारण त्याचा ब्रश रोज डोळ्याला लागून पुन्हा ओल्या नळीत जातो. उरलेल्या वस्तूंचे दोन डबे करा, एक थंडीचा आणि एक उन्हाळ्याचा, आणि ज्याचा ऋतू नाही तो डबा कपाटात ठेवून द्या. दिवाळीत उघडाल तेव्हा नवीन काही घ्यावेसे वाटणार नाही.

तोंड धुण्याबद्दल एकच मुद्दा सांगते. तुमच्याकडे बोअरिंगचे पाणी असेल तर त्यातल्या कॅल्शियम आणि मॅग्नेशियममुळे साबणाचा फेस कमी होतो आणि एक चिकट पांढरा थर मागे राहतो, तोच जो बादलीच्या कडेला दिसतो. तो चेहऱ्यावरही राहतो. शिवाय साबण क्षारधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी. म्हणून चेहऱ्यासाठी साबण नसलेले सौम्य क्लींझर घ्यावे. सेटाफिल १९४७ पासून याच कामासाठी विकले जाते आणि मी त्याच्या कित्येक बाटल्या संपवल्या आहेत; तशा प्रकारची स्वस्त क्लींझरे आता बरीच मिळतात आणि तीही चालतात. अंगाला साबण घेताना वेष्टनावर ‘टॉयलेट सोप, ग्रेड १’ असे लिहिले आहे का ते पाहा. त्यात स्निग्धांश किमान ७६ टक्के असावा लागतो, आणि ‘बेदिंग बार’ लिहिलेल्या वडीवर हे बंधन नसते. आमच्या घरी बाराही महिने मैसूर सँडल येतो आणि नरकचतुर्दशीला उटण्याबरोबर मोती. त्यात बदल करण्याचे कारण मला आजवर पडलेले नाही.

वांगांवरचा खरा उपाय ज्या एका वस्तूशिवाय टिकत नाही, ती तुमच्या संपलेल्या वस्तूंत नाही याचे मला वाईट वाटले. ती म्हणजे सनस्क्रीन. डॉक्टरांनी कितीही चांगले औषध दिले तरी ऊन लागत राहिले तर वांग परत येतात. तुमच्या ड्रॉवरमध्ये सनस्क्रीनच्या अर्धवट ट्यूबा असणार, आणि त्या अर्धवट राहिल्या यातच गोष्ट आहे. चेहरा आणि मान यांना पुरेल इतके सनस्क्रीन म्हणजे तर्जनी आणि मधले बोट यांच्या लांबीभर काढलेल्या दोन रेघा, साधारण एक ग्रॅम. शाळेत जाताना एकदा आणि दुपारी परत निघताना एकदा लावले तर पन्नास ग्रॅमची ट्यूब पंचवीस दिवसांत संपली पाहिजे. ती सहा महिने पुरत असेल तर तुम्ही सनस्क्रीन लावले असे म्हणताच येणार नाही, मग ते कितीही महाग असो. म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते की ज्याची ट्यूब दर महिन्याला आणायला तुमचा जीव कचरणार नाही असेच घ्या. एसपीएफ ३० असले तर सूर्याचे त्वचा भाजणारे अतिनील किरण सुमारे ९७ टक्के अडतात, ५० असले तर ९८. त्या एका टक्क्यासाठी दुप्पट पैसे मोजून कंजूषपणे लावण्यापेक्षा साधे घेऊन भरपूर लावावे. ट्यूबवर ‘पीए’ ही अक्षरे असतात, त्यांच्या पुढे निदान तीन अधिकचिन्हे असावीत. ती दुसऱ्या जातीच्या अतिनील किरणांपासूनचे (यूव्हीए) संरक्षण सांगतात, आणि ते किरण खिडकीच्या काचेतूनही येतात आणि तुम्ही वर्गात खिडकीजवळ उभ्या असता.

वांगांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. नुसते अतिनील किरण नव्हे, डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही आपल्यासारख्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवर वांग गडद करतो, आणि तो अडवायला आयर्न ऑक्साइड लागते. ते रंगीत, म्हणजे टिंटेड, सनस्क्रीनमध्ये असते. त्यामुळे चेहऱ्यावर राखेसारखा पांढरा थरही दिसत नाही आणि वेगळे फाउंडेशन लावावे लागत नाही. स्कूटीवर निघताना ओढणी बांधता ती बांधतच राहा. तिच्यासारखे दुसरे सनस्क्रीन नाही.

मेकअपबद्दल मी थोडेच लिहिणार आहे, कारण तुम्ही स्वतःच काजळाची पेन्सिल संपवून उत्तर दिले आहे. ज्या बाईचे काजळ संपते तिला त्याच्या जोडीला एका लिपस्टिकची गरज असते, आणि ती रंग पाहून घ्यायची वस्तू आहे, नाव पाहून नाही. दिवसाच्या उजेडात, दुकानाच्या पायरीवर येऊन, मनगटाच्या आतल्या बाजूला ओढून पाहा. विटकरी, मरून आणि जांभळाकडे झुकणारे गुलाबी रंग आपल्या बायकांना बहुधा चांगले दिसतात. मॅट लिपस्टिक थंडीत ओठ उलवते, तेव्हा आधी तुमची बोरोलीन लावून पाच मिनिटांनी टिपून घ्या. काजळाबाबत मात्र एक सांगितलेच पाहिजे: मेळ्यात किंवा फुटपाथवर मिळणारा सुरमा डोळ्यांत घालू नका आणि घरातल्या लहान मुलांना तर मुळीच नाही, कारण पुष्कळ सुरम्यांत शिशाचे संयुग असते. टिकलीच्या गोंदाचेही लक्षात ठेवा. काही स्वस्त टिकल्यांच्या गोंदात असे रसायन असते की रोज एकाच जागी लावल्याने तिथला रंग जाऊन पांढरा ठिपका पडतो. कपाळाला खाज आली की तो ब्रँड सोडा, आणि रात्री टिकली काढून ठेवा. आरशाला चिकटवलेली जुनी टिकली सकाळी पुन्हा लावायची सवय बऱ्याच जणींना असते, ती मोडा.

आणि आता अत्तर, ज्याविषयी तुम्ही एकच ओळ लिहिली आणि मला ती पुन्हा पुन्हा वाचाविशी वाटली.

तो वास नाही, हे तुमचे म्हणणे मनाचा भास नाही. जुन्या पद्धतीचे अत्तर उत्तर प्रदेशातल्या कनौजला कसे होते ते पाहिले की कारण कळेल. तांब्याच्या मोठ्या देगेत पाणी आणि फुले किंवा मुळे घालतात, झाकण मातीने लिंपून बंद करतात, खाली लाकडाची आणि गोवऱ्यांची आच देतात. देगेतून निघालेली वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते. भपका म्हणजे लांब मानेचे तांब्याचे भांडे, जे थंड पाण्याच्या हौदात बुडवलेले असते आणि ज्यात आधीपासून चंदनाचे तेल असते. वाफ त्या तेलात उतरते, पाणी वेगळे काढून टाकतात आणि हेच पुन्हा पुन्हा करून चंदन त्या वासाने भरत जातात. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या कुपीत नुसता खस नव्हता, खाली चंदन होते. खस, ज्याला आपण वाळा म्हणतो, त्याची मुळे ओल्या मातीसारखा, किंचित धुरकट आणि हिरवा वास देतात. चंदन त्याला धरून ठेवते, गोलवा देते आणि वर्षे जातील तसे दोन्ही एकमेकांत मुरतात. पुढे चंदन इतके महाग झाले की आज स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक कुप्यांत त्याच्या जागी लिक्विड पॅराफिन किंवा दुसरे एखादे बिनवासाचे द्रावण असते. पहिल्या श्वासाला खस तोच लागतो, पण तासाभराने खाली जे उरायला हवे ते तिथे नसते. तुम्हाला चुकल्यासारखे वाटते ते चंदन आहे.

माझ्या स्वतःच्या आवडीत हीच एक गोष्ट अशी आहे जिच्यासाठी मी घासाघीस करत नाही. उन्हाळ्यात खस किंवा मिट्टी, थंडीत हिना. मिट्टीचे अत्तर म्हणजे भाजलेल्या मातीच्या तुकड्यांचा वास चंदनात उतरवलेला. पहिल्या पावसाआधीच्या आठवड्यात, लष्कर भागातल्या गच्च्या तापून निघालेल्या असतात तेव्हा, ते कानामागे लावून बघा. ऋतूंचा हा हिशेब अत्तरवाल्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे: खस, मोगरा, गुलाब, केवडा, मिट्टी हे गारवा देणारे, आणि हिना, शमामा, कस्तुरी, केशर हे ऊब देणारे. माधवराव शिंदे यांनी १९०५ मध्ये सुरू केलेला आपला ग्वाल्हेरचा मेळा ऐन थंडीत भरतो, तेव्हा साहजिकच हिना आणि शमामा हाती लागतात. खस घ्यायचा तर उन्हाळ्याच्या तोंडाशी घ्यावा. दुकानदाराला स्पष्ट विचारा की हे चंदनात उतरवलेले आहे की पॅराफिनमध्ये. जो सरळ सांगेल त्याच्याकडून घ्या, मग ते पॅराफिनचे असले तरी. लगेच घेऊ मात्र नका. मनगटावर एक थेंब लावून घ्या, महाराज बाड्यावरच्या बाजारातली तुमची कामे करा, दोन तासांनी वास घ्या. तोवर जो वास उरला असेल तोच विकत घ्यायचा आहे. पहिला वास कोणत्याही कुपीचा सुंदर असतो. तीन ग्रॅमची कुपी पुरे, कारण कापसाच्या फायाला एक थेंब लावून तो कानाच्या पाळीच्या वरच्या खळगीत ठेवला की दिवस निघतो.

अल्कोहोलची परफ्यूम तुमच्या ड्रॉवरमध्ये असतीलच. ती कपड्यांवर मारा आणि मानेवर मारून उन्हात जाऊ नका. लिंबूवर्गीय वासांत बर्गमॉटचे तेल असले तर उन्हाने तिथे काळे डाग पडू शकतात, आणि तुमच्या गालांवर आधीच एक लढाई चालू आहे. कोलनवॉटर मात्र मी अजून आणते, कारण लहानपणी तापात आई कपाळावर ज्या घड्या ठेवायची त्यांचाच तो वास आहे. जूनच्या दुपारी रुमालावर शिंपडून तो डोळ्यांवर घेतला की डोके उतरते.

आता मुलीच्या यादीचे. तुमची यादी तिला जशीच्या तशी देऊ नका. पुण्याचा उन्हाळा आपल्यापेक्षा सौम्य, थंडीही सौम्य, आणि ती जाईल तेव्हा पाऊस सुरू असेल. तिला जाड क्रीम लागणारच नाही. सौम्य क्लींझर, हलके लोशन आणि सनस्क्रीन, एवढे लिहून द्या. अठराव्या वर्षी रेटिनॉल आणि दहा प्रकारची सीरमे लागत नाहीत, मुरमांचा त्रास असला तर डॉक्टर लागतात. कोणतीही नवी वस्तू घेतली तर कोपराच्या आत दोन दिवस लावून पाहायची आणि मगच चेहऱ्याला, आणि जुनी संपल्याशिवाय नवी आणायची नाही. त्याखाली स्वतःच्या हाताने तुमच्या तीन वस्तू लिहा आणि त्या का संपल्या तेही लिहा; तिला विचारायचे होते ते बहुधा हेच होते. मलमाची गोष्टही तिला सांगा. होस्टेलमध्ये खोलीतल्या मैत्रिणी अशा ट्यूबा एकमेकींना देतात, आणि तुमच्या तोंडून ऐकलेले तिला तिथे आठवेल.

लाज वाटण्यासारखे तुम्ही काही केलेले नाही. मुलांच्या आणि घराच्या मागे वर्षानुवर्षे धावल्यावर एखाद्या रात्री मोबाइलवर काही सुंदर दिसले आणि आपल्यासाठी मागवले, इतकेच ते आहे. ज्या वस्तू चांगल्या आहेत पण तुमच्या नाहीत, त्या बहिणीला, जावेला, वर्गातल्या सहकाऱ्यांना देऊन टाका. न उघडलेल्या द्या, डोळ्यांच्या आणि ओठांच्या उघडलेल्या वस्तू मात्र कोणाला देऊ नका.

शेवटी त्या कुपीचे. ती धुऊ नका. नवे अत्तर चांगले मिळाले तरी त्या कुपीत भरू नका, त्याला दुसरी कुपी घ्या. दुकानात जाताना सासूबाईंची कुपी रुमालात गुंडाळून बरोबर न्या आणि तिचे बूच अत्तरवाल्याच्या नाकाशी धरा. जाणता असेल तर शब्दांनी सांगून जे कळणार नाही ते त्याला त्या बुचावरून कळेल. परत आणल्यावर ती उघडी करून त्यांच्या जुन्या साड्यांच्या घडीत ठेवा. काचेच्या आत जे चिकटून राहिलेले असते ते सुती आणि रेशमी कापडात हळूहळू उतरते, आणि चंदनावरचे अत्तर असेल तर आणखी बरीच वर्षे उतरत राहील.